मातीतले विषारी घटक आणि नॅनोपदार्थ: आरोग्याची जोखीम कशी मोजायची

प्रयोगशाळेचा अहवाल हातात पडतो. त्यात एक ओळ असते: आर्सेनिक, किलोमागे ४० मिलिग्रॅम. लगेच प्रश्न येतो, ‘हे जास्त आहे का?’ मग कुठल्या तरी तक्त्यातली मर्यादा शोधली जाते. आकडा तिच्या वर असला तर घबराट उडते आणि खाली असला तर फाइल बंद होते. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत असं मी ठामपणे म्हणेन. अहवालातला आकडा मातीचा आहे आणि आपल्याला चिंता शरीराची आहे. मातीतून शरीरापर्यंतची वाट मोजली नाही, तर जोखमीबद्दल काहीच कळत नाही. ती वाट टप्प्याटप्प्याने कशी मोजायची ते इथे मांडतो. नॅनोपदार्थांचा विचार त्यानंतर करू, कारण तिथे याच वाटेवर वेगळे खाचखळगे आहेत.

कामाची मूळ चौकट अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९८३ मध्ये मांडली. पदार्थ कोणती इजा करतो, किती मात्रेला करतो, माणसाच्या शरीरात किती जातो आणि या तिन्हींवरून जोखीम किती ठरते, असे तिचे चार भाग आहेत. आजही जगभर बहुतेक ठिकाणी हीच चौकट वापरतात. प्रत्यक्ष काम मात्र या क्रमाने होत नाही. ते जमिनीवरून सुरू होतं.

पायरी १: आधी वाट काढा, कागदावर

एक कोरा कागद घ्या. डावीकडे स्रोत लिहा: जुना कारखाना, भट्टी, कचऱ्याची भर, कीटकनाशकांचं गोदाम. उजवीकडे माणसं लिहा: रांगणारं मूल, बागकाम करणारी व्यक्ती, खोदकाम करणारा मजूर, तिथलं धान्य खाणारं कुटुंब. मग मधले बाण काढा. माती हाताला लागून तोंडात जाते, धूळ श्वासात जाते, भाजी मुळांतून धातू ओढते, पाझर विहिरीत उतरतो, बेंझिनसारख्या उडून जाणाऱ्या रसायनाची वाफ जमिनीतून घरात शिरते. स्रोत, वाट आणि माणूस हे तिन्ही जुळले तरच जोखीम असते. एक जरी निसटलं तरी त्या बाणापुरतं गणित संपतं.

हा कागद नीट न काढल्यामुळे पुढचं सगळं काम वाया गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. वाट ओळखणं इतकं महत्त्वाचं का, ते दोन घटनांवरून पाहा. जपानच्या तोयामा भागात जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतलं कॅडमियम पाण्यावाटे भातशेतात साचलं. लोकांच्या शरीरात ते मुख्यतः भातातून गेलं, मूत्रपिंडं निकामी झाली, हाडं ठिसूळ झाली. १९६८ मध्ये जपान सरकारने ‘इताई-इताई’ हा प्रदूषणजन्य आजार असल्याचं मान्य केलं. नायजेरियातल्या झामफारा राज्यात २०१० मध्ये ४०० हून अधिक लहान मुलं शिशाच्या विषबाधेने गेली. तिथे सोन्याचं खनिज घराच्या आवारात दळलं जात होतं आणि शिशाची भुकटी अंगणात पसरली होती. मुलं खेळताना ती माती पोटात घेत होती. दोन्हीकडे मातीतला धातूच होता, पण एकीकडे वाट ताटातून गेली आणि दुसरीकडे हातातून. पहिल्या ठिकाणी मुलांचे हात धुवून फार काही साधलं नसतं.

कागदावर भविष्यही लिहा. आज पडीक असलेल्या जागेवर उद्या बालवाडी होणार असेल, तर हिशेब बालवाडीचाच करायचा.

पायरी २: काय शोधायचं ते जागेच्या इतिहासावरून ठरवा

सरसकट सगळ्या चाचण्या मागवण्यात पैसा जातो आणि नेमका हवा तो घटक सुटतो. जुन्या रंगाच्या भिंती आणि वर्दळीचे रस्ते असतील तर शिसं, कातडी कमावण्याची जागा असेल तर क्रोमियम, लाकूड टिकवण्यासाठी प्रक्रिया करत असतील तर आर्सेनिक, तांबं आणि क्रोमियम, कोळशापासून वायू किंवा डांबर बनवत असतील तर बेंझोपायरिनच्या कुळातली, म्हणजे अर्धवट ज्वलनातून आणि डांबरातून येणारी संयुगं, जुने ट्रान्सफॉर्मर असतील तर पीसीबी, म्हणजे त्यांच्या तेलातली क्लोरीनयुक्त रसायनं.

घटकाचं रूपही विचारा. नुसतं ‘क्रोमियम’ लिहिलेला अहवाल अपुरा आहे, कारण सहा संयुजेचं क्रोमियम श्वासातून गेल्यास फुप्फुसाचा कर्करोग करतं आणि तीन संयुजेचं त्या मानाने बरंच निरुपद्रवी असतं. एकूण क्रोमियमच्या आकड्यावरून दोन्हींतला फरक कळत नाही.

पायरी ३: नमुना घ्या, पण कुठला?

माझ्या मते सगळ्या मूल्यमापनातला सर्वांत कच्चा दुवा हा आहे. प्रयोगशाळेच्या यंत्राची चूक बहुधा थोड्या टक्क्यांची असते, तर नमुना चुकीच्या जागेवरून घेतल्याची चूक कित्येक पटींची असू शकते. हातभर अंतरावर घेतलेल्या दोन नमुन्यांत शिशाचं प्रमाण पाचपट वेगळं आलं, तर त्यात नवल नाही.

आधी निर्णयाचा तुकडा ठरवा, म्हणजे ज्या क्षेत्राबद्दल एकच निर्णय घ्यायचा आहे ते क्षेत्र: मुलांचं खेळण्याचं अंगण, भाजीचा वाफा, उरलेलं आवार. प्रत्येक तुकड्यात ठरावीक अंतराने किमान ३० जागांवरून थोडी थोडी माती घेऊन एकत्र करा. हीच कृती नव्या जागांवरून आणखी दोनदा करा. तीन मिश्र नमुन्यांचे आकडे जवळपास आले तर सरासरीवर भरवसा ठेवता येतो. खोली वाटेनुसार ठरते: मुलासाठी वरचा काही सेंटिमीटरचा थर, भाजीसाठी मुळं जातात तिथपर्यंत, पाया खोदणाऱ्यासाठी त्याहून खोल. वरचा आणि खालचा थर मिसळलात, तर मूल ज्या मातीत खेळतं तिचा आकडाच हरवतो.

मग चाळणी. हाताला चिकटते ती बारीक माती. खडे चिकटत नाहीत. म्हणून शिशासारख्या धातूंसाठी १५० मायक्रॉनपेक्षा बारीक भाग चाळून तोच तपासतात. धातू बारीक कणांवर जास्त साचतात, त्यामुळे न चाळलेल्या मातीचा आकडा बऱ्याचदा खोटा दिलासा देतो.

जागेवर हातातलं क्ष-किरण यंत्र, म्हणजे एक्सआरएफ, वापरत असाल तर एक सापळा ध्यानात ठेवा. शिशाची एक ठळक रेषा १०.५५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येते आणि आर्सेनिकची मुख्य रेषा १०.५४ ला. शिसं भरपूर असलेल्या मातीत यंत्राने दाखवलेल्या आर्सेनिकवर विश्वास ठेवू नका, तो नमुना प्रयोगशाळेत आयसीपी-एमएसवर, म्हणजे मूलद्रव्यं वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर पाठवा.

पार्श्वभूमी मोजायलाही विसरू नका. त्याच प्रकारच्या खडकावरची, पण प्रदूषण न पोहोचलेली माती तपासा. स्वच्छ मातीतही किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम आर्सेनिक सहज सापडतं. गणितात घ्यायचा आकडा म्हणजे सगळ्यात मोठं वाचन नव्हे आणि साधी सरासरीही नव्हे. सरासरीची ९५ टक्के खात्रीची वरची मर्यादा, म्हणजे खरी सरासरी जिच्या खालीच असेल अशी ९५ टक्के खात्री देता येते तो आकडा, घेण्याची पद्धत आहे. नमुने कमी असतील तर ही मर्यादा आपोआप वर जाते. आळसाची ती रास्त किंमत आहे.

पायरी ४: शरीरात किती जातं?

आता गणित. माती पोटात जाण्याच्या वाटेचं सूत्र असं:

रोजची मात्रा = मातीतलं प्रमाण × रोज पोटात जाणारी माती × वर्षातले संपर्काचे दिवस × संपर्काची वर्षं ÷ (शरीराचं वजन × सरासरीचे एकूण दिवस)

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे, प्रचलित गृहीत आकडे असे आहेत: सहा वर्षांखालचं मूल रोज २०० मिलिग्रॅम माती आणि धूळ गिळतं, प्रौढ माणूस १०० मिलिग्रॅम. मुलाचं वजन १५ किलो, प्रौढाचं ८० किलो, घरात राहण्याचे दिवस वर्षाला ३५०. तुमच्याकडे लोकांची वजनं आणि सवयी वेगळ्या असतील तर आकडे बदला, पण बदल आणि त्याचं कारण लिहून ठेवा.

२०० मिलिग्रॅम म्हणजे चिमटीत मावेल इतकी माती. मूल मुद्दाम माती खातं असं इथे गृहीत धरलेलं नाही. दीड वर्षाच्या बाळाला अर्धा तास नुसतं पाहा. तळहात जमिनीवर, मग तोंडात, मग खेळण्यावर, खेळणं खाली पडतं, परत तोंडात. प्रत्येक वेळी बोटांच्या रेघांत बसलेली बारीक धूळ ओलसर होऊन आत जाते. शिवाय चपलांबरोबर घरात आलेली माती धूळ होऊन राहते. शिशासाठीच्या प्रसिद्ध गणिती प्रतिमानात मुलाने गिळलेल्या एकूण ऐवजात बाहेरची माती ४५ टक्के आणि घरातली धूळ ५५ टक्के धरतात. म्हणून फक्त अंगण तपासून थांबू नका, घरातली धूळही तपासा.

आता आपले ४० मिलिग्रॅम आर्सेनिक. मुलाच्या पोटात रोज ४० × ०.०००२ = ०.००८ मिलिग्रॅम जातं. वर्षाचे ३५० दिवस धरले की सरासरी ०.००७७ येते. १५ किलोने भागल्यावर किलो वजनामागे रोज ०.०००५१ मिलिग्रॅम. हेच प्रौढासाठी केलं तर उत्तर जवळपास दहापट कमी येतं. म्हणून जिथे मुलं येतात तिथे हिशेब मुलाचाच करायचा.

बाकीच्या वाटा थोडक्यात. त्वचेतून धातू फार कमी शोषले जातात, आर्सेनिकसाठी ३ टक्के धरतात. बेंझोपायरिनच्या कुळासाठी मात्र १३ टक्के, म्हणून तिथे त्वचा वगळू नका. उघड्यावर उडणाऱ्या धुळीसाठी ईपीएचा नेहमीचा गुणक असा आहे की १३६ कोटी घनमीटर हवेत १ किलो माती असते. साध्या बागेत श्वासाची वाट त्यामुळे मागे पडते. कच्चा रस्ता, खोदकाम किंवा सहा संयुजेचं क्रोमियम असेल तर हा गुणक वापरू नका, हवा मोजा. भाजीच्या बाबतीत मातीचा सामू (पीएच) महत्त्वाचा: माती आम्ल झाली की कॅडमियम पानांत भराभर चढतं. शिसं मुळांतून फारसं चढत नाही, ते पानांवर चिकटलेल्या मातीतून येतं. म्हणजे शिशाची भाजी धुऊन सुधारते, कॅडमियमची सुधारत नाही.

पायरी ५: गिळलेल्यातलं शोषलं किती जातं?

इथे अनेक मूल्यमापनं घाईने पुढे जातात. मातीतला धातू दगडात घट्ट अडकलेला असेल, तर त्यातला मोठा भाग शरीरातून तसाच बाहेर पडतो. झामफाराच्या शोकांतिकेमागचं एक कारण इथेच आहे. तिथल्या खनिजात शिसं मोठ्या प्रमाणावर कार्बोनेटच्या रूपात होतं आणि ते जठरातल्या आम्लात सहज विरघळतं. तेवढंच शिसं गॅलिना या सल्फाइड खनिजात असतं तर कमी विरघळलं असतं.

हे मोजण्याची चाचणी साधी आहे. चाळलेली १ ग्रॅम माती बाटलीत घेतात. त्यावर ग्लायसीनचं १०० मिलिलिटर द्रावण, सामू १.५, म्हणजे रिकाम्या जठराइतकं आंबट. बाटली ३७ अंश सेल्सिअसला तासभर उलटीपालटी फिरत राहते. मग गाळून द्रावणात किती धातू उतरला ते मोजतात. तासाभराच्या या चाचणीने कोट्यवधींच्या सफाईचा निर्णय बदलू शकतो, तरीही ती सांगितली जात नाही याचं मला वाईट वाटतं. चाचणी केलीच नाही, तर आर्सेनिकसाठी ईपीए ६० टक्के हा गृहीत आकडा वापरते. मग आपलं ०.०००५१ हे ०.०००३१ होतं.

पायरी ६: किती मात्रा घातक?

कर्करोगाव्यतिरिक्तच्या इजांसाठी संदर्भ मात्रा वापरतात: आयुष्यभर रोज घेतली तरी अपाय अपेक्षित नाही अशी मात्रा. आपली मात्रा भागिले संदर्भ मात्रा म्हणजे हॅझार्ड कोशंट. तो १ च्या वर गेला की काळजीने पाहायचं. कर्करोगासाठी मात्रा आयुष्याच्या ७० वर्षांवर पसरवून कर्करोग गुणकाने गुणतात.

अकार्बनी आर्सेनिकची संदर्भ मात्रा ईपीएने अनेक वर्षं किलो वजनामागे रोज ०.०००३ मिलिग्रॅम धरली होती आणि कर्करोग गुणक १.५. जानेवारी २०२५ मध्ये नव्या पुराव्यांवरून संदर्भ मात्रा ०.००००६ झाली आणि गुणक सुमारे ३२. आता आपल्या अंगणाचं काय होतं ते बघा. शोषणाचा विचार न करता जुन्या आकड्याने कोशंट १.७. शोषण ६० टक्के धरून १. नव्या आकड्याने ५.१. बाटलीच्या चाचणीत शोषण २० टक्केच निघालं तर पुन्हा १.७. माती तीच, मूल तेच! म्हणून अहवालात विषारीपणाचा आकडा कुठल्या वर्षीचा घेतला ते लिहिणं बंधनकारक समजा.

कर्करोगाचं गणित: बालपणीची सहा वर्षं सत्तरांवर पसरवली तर जादा जोखीम जुन्या गुणकाने लाखात ४ आणि नव्याने लाखात ८४. त्यापुढची प्रौढपणाची वर्षं त्यात आणखी मिळवायची. ईपीए सर्वसाधारणपणे दहा लाखांत १ ते दहा हजारांत १ या पट्ट्यात निर्णय घेते. नव्या आकड्यांनी मात्र नैसर्गिक पार्श्वभूमीची मातीसुद्धा हा पट्टा ओलांडू शकते. पायरी ३ मध्ये पार्श्वभूमी मोजायला सांगितली ती यासाठीच. निसर्गाने ठेवलं आहे त्याच्याही खाली सफाई करत जाणं शक्य नसतं.

शिशाला हे सूत्र लावू नका. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी मात्रा सापडलेली नाही, त्यामुळे त्याला संदर्भ मात्राच नाही. तिथे मुलाच्या रक्तातलं शिसं किती होईल याचा अंदाज करणारं प्रतिमान चालवतात. निवासी मातीसाठी ईपीएची चाळणी पातळी, म्हणजे जिच्या वर गेल्यास पुढची तपासणी करायची ती पातळी, २०२४ मध्ये किलोमागे ४०० वरून २०० मिलिग्रॅमवर आली. मुलं आधीच तिथे राहत असतील, तर प्रतिमानाच्या आधी त्यांचं रक्त तपासा. गणित महिनाभर थांबलं तरी चालेल, मुलाचा मेंदू थांबत नाही.

घटक अनेक असतील तर एकाच अवयवाला इजा करणाऱ्यांचे कोशंट एकत्र मिळवा. कॅडमियम आणि पारा दोघेही मूत्रपिंडावर येतात, तेव्हा प्रत्येकी ०.७ असले तरी बेरीज १.४ होते.

पायरी ७: नॅनोपदार्थ आले की काय बदलतं

नॅनोपदार्थ म्हणजे ढोबळमानाने १ ते १०० नॅनोमीटरचे कण असलेला पदार्थ. मातीत ते मुख्यतः सांडपाण्याचा गाळ खत म्हणून टाकल्याने, नॅनो कीटकनाशकं आणि खतांतून किंवा भूजल शुद्ध करायला सोडलेल्या लोखंडाच्या नॅनोकणांतून येतात. यात विशेष काय? एक सेंटिमीटरचा घन घ्या, त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एक नॅनोमीटरचे घन केले तर वजन तेवढंच राहतं, पृष्ठभाग मात्र ६,००० चौरस मीटर होतो. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडतात, त्यामुळे ‘किलोमागे मिलिग्रॅम’ हे माप इथे लंगडं पडतं. जमेल तिथे कणांची संख्या आणि पृष्ठभागही नोंदवा.

पहिला प्रश्न विचारायचा तो असा: हा कण मातीत आणि पोटात टिकतो का? झिंक ऑक्साइड बऱ्यापैकी लवकर विरघळतं. ते विरघळलं की पुढे जस्ताच्या आयनाचंच गणित करा, नॅनोची वेगळी भीती बाळगू नका. नॅनोसिल्व्हर सांडपाण्यातच बहुतांशी सिल्व्हर सल्फाइड होतं, आणि ते जवळजवळ अविद्राव्य आणि बरंच कमी विषारी असतं. म्हणजे बाटलीतल्या ताज्या नॅनोसिल्व्हरवर केलेल्या प्रयोगाचा आकडा शेतातल्या चांदीला लावणं चूक. टायटॅनियम डायऑक्साइड, सिरियम ऑक्साइड आणि कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, मात्र टिकतात. आपला वेळ त्यांना द्या.

दुसरा प्रश्न मोजमापाचा, आणि तो खरोखर अवघड आहे. नेहमीच्या पद्धतीत माती आम्लात विरघळवतात. त्यात कणच नाहीसा होतो आणि फक्त मूलद्रव्य उरतं. मातीत टायटॅनियम मुळातच किलोमागे काही ग्रॅम असतं, त्यात माणसाने टाकलेले मिलिग्रॅम कसे ओळखायचे? एक युक्ती आहे. टायटॅनियमच्या नैसर्गिक खनिजांत नायोबियम सोबत असतं, कारखान्यातल्या शुद्ध टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये ते जवळजवळ नसतं. म्हणून दोघांचं गुणोत्तर पार्श्वभूमीच्या मातीशी ताडून पाहतात. कण मोजायला एक-कण आयसीपी-एमएस वापरतात: अर्क इतका पातळ करतात की एका वेळी एकच कण यंत्रात जातो आणि पडद्यावर एक टोक उमटतं. टोकांची संख्या म्हणजे कणांची संख्या, टोकाची उंची म्हणजे कणातलं वस्तुमान. कणाचा आकार आणि त्याला काय चिकटलं आहे ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून खात्री करा. प्रकाश विखुरण्यावर चालणारं आकारमापक यंत्र मातीच्या अर्काला लावू नका, दोन-चार मोठे कण बाकी सगळ्यांना झाकून टाकतात.

तिसरा प्रश्न वाटेचा. मातीत पडलेले नॅनोकण बहुधा सुटे राहत नाहीत, ते चिकणमातीला आणि कुजलेल्या पाल्यातून बनणाऱ्या ह्युमिक आम्लांना चिकटतात. म्हणून शेतातून सुटा नॅनोकण श्वासात जाण्याची शक्यता कमी, मातीबरोबर गिळला जाण्याची जास्त. अखंड त्वचेतून टायटॅनियम आणि झिंक ऑक्साइडचे कण फारसे आत जात नाहीत, ते वरच्या मृत थरात अडतात. सर्वांत मोठा धोका कोरडी भुकटी पोत्यातून ओतणाऱ्या कामगाराला असतो, त्याचं मूल्यमापन वेगळं करा. त्यासाठी अमेरिकेच्या निऑश या कामगार-आरोग्य संस्थेने सुचवलेल्या हवेतल्या मर्यादा आहेत: कार्बन नॅनोट्यूबसाठी घनमीटरमागे १ मायक्रोग्रॅम, अतिसूक्ष्म टायटॅनियम डायऑक्साइडसाठी ०.३ मिलिग्रॅम. साध्या बारीक टायटॅनियम डायऑक्साइडसाठी हीच मर्यादा २.४ मिलिग्रॅम आहे. रसायन एक, आकार वेगळा, मर्यादा आठपट कडक. या मर्यादा निरोगी प्रौढांच्या कामाच्या तासांपुरत्या आहेत, घरातल्या बाळाला त्या लावू नका.

चौथा प्रश्न विषारीपणाच्या आकड्यांचा. इथे शोधनिबंध वाचताना कडक राहा. कण किती मोठे, कोणतं आवरण, ते द्रावणात नीट पसरले होते का, हे न सांगणारा निबंध बाजूला ठेवा. कणांवर एंडोटॉक्सिन, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातलं विष, असेल तर दाह त्यानेच होतो आणि दोष कणाला लागतो. कार्बन नॅनोट्यूब पेशी जिवंत आहेत का ते दाखवणाऱ्या रंगचाचण्यांतच ढवळाढवळ करतात. प्राण्यांना दिलेली मात्रा तुमच्या पायरी ४ मधल्या मात्रेच्या किती पट होती, तेही शेजारी लिहून पाहा. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये टायटॅनियम डायऑक्साइड हा अन्नरंग यापुढे सुरक्षित मानता येणार नाही असं म्हटलं, कारण जनुकांना इजा होण्याची शक्यता नाकारता येत नव्हती. त्यामुळे टिकाऊ कणांसाठी संदर्भ मात्रा नाही म्हणून जोखीम शून्य लिहायची नाही. उपलब्ध चांगल्या प्रयोगातली अपाय न झालेली मात्रा घ्या, प्राण्यावरून माणसासाठी १० ने आणि संवेदनशील माणसांसाठी आणखी १० ने भागा, प्रयोग अल्पकाळाचा असेल तर पुन्हा भागा, आणि उत्तर ‘तात्पुरतं’ म्हणून द्या. कण सोबत दुसरा धातू किंवा कीटकनाशक वाहून नेत असेल तर त्याचाही हिशेब धरा.

पायरी ८: निर्णय

अहवालात एकच आकडा देऊ नका. कोणतं गृहीतक बदलल्याने उत्तर सर्वाधिक हलतं ते दाखवा. आपल्या उदाहरणात, विषारीपणाचा आकडा सोडला तर, ते शोषणाचं प्रमाण आहे, म्हणून पुढचा खर्च आणखी नमुन्यांवर न करता बाटलीच्या चाचणीवर करणं शहाणपणाचं. मग वाट तोडणारा उपाय निवडा. हात ही वाट असेल तर स्वच्छ मातीचा थर आणि गवत, घरात ओल्या फडक्याने पुसणं, दारात चपला. कॅडमियम आणि ताट ही वाट असेल तर चुना घालून सामू वाढवणं किंवा पीक बदलणं. भातशेतात आणखी एक पेच आहे: शेत पाण्याखाली ठेवलं तर कॅडमियम कमी चढतं, पण आर्सेनिक जास्त. दोन्ही असतील तर पाण्याचं वेळापत्रक दाण्यांची तपासणी करूनच ठरवावं लागतं. स्फुरद घालून शिसं बांधता येतं, पण त्याच मातीत आर्सेनिक असेल तर ते सुटून पाण्यात उतरू शकतं.

उपाय केल्यावर पायरी ३ मधल्याच तुकड्यांतून, त्याच खोलीवरून, त्याच चाळणीने पुन्हा नमुने घ्या. पहिल्या फेरीच्या जागांचा नकाशा आणि चाळणीचा आकार फाइलमध्ये नसेल, तर दुसऱ्या फेरीचे आकडे कशाशी ताडायचे तेच उरत नाही.